मदत हवी आहे: वारसा इमारत समितीचा अध्यक्ष कसा निवडायचा? (अर्जंट)

अर्धीवीट:
लोकहो, पटकन सांगा. आमच्या संघटनेच्या ऐतिहासिक इमारत संवर्धन समितीला नवीन अध्यक्ष हवाय आणि दोन नावांवर गाडी अडलीये. एक बाई आर्किटेक्ट, कामाला वाघ, पण मीटिंगमध्ये दुसऱ्याला बोलू देत नाहीत. दुसरे स्ट्रक्चरल इंजिनियर, सगळ्यांशी गोड, पण मेलला उत्तर येईपर्यंत विषय संपलेला असतो. कुणाला करू? बैठक तोंडावर आलीये, लेक्चर नको.

नियमावली:
"कुणाला करू" म्हणजे? एकटे ठरवणार का? मतदान आहे की वरून नेमणूक? मुदत किती? बायलॉज काय म्हणतात?

अर्धीवीट:
अहो मतदानच, अजून काय असणार. बायलॉजमध्ये "सदस्यांनी निवडावा" एवढंच आहे, मुदतीचं काही नाही.

चुनावाला:
डिग्री सोडा, चुना कुणाला कळतो ते बघा. जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यात चुन्याऐवजी सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, मग ती दगडातून वाट काढते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. सांधा मात्र ठणठणीत! असलं करणारा माणूस अध्यक्ष झाला तर समिती बंदच करा.

तिसरीघंटा:
अध्यक्षाने मीटिंग चालवायची असते, भिंत लिंपायची नसते. १९६४ च्या व्हेनिस सनदेत (जुन्या वास्तूंच्या संवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) दुसरंच कलम आहे की संवर्धनात उपयोगी पडतील त्या सगळ्या शास्त्रांची आणि तंत्रांची मदत घ्या. म्हणजे तज्ज्ञ समितीत भरा, खुर्चीत सगळ्यांचं ऐकून घेणारा बसवा. माझं मत इंजिनियरला.

चुनावाला:
ऐकून घेणारा आणि उत्तर न देणारा. छान.

दोनखांबी:
दोघांनाही सहअध्यक्ष करा, आमच्याकडे मस्त चाललंय.

नियमावली:
दोघं जबाबदार म्हणजे कुणीच जबाबदार नाही. त्यापेक्षा उपाध्यक्ष हाच पुढचा अध्यक्ष असं ठरवा. एक टर्म शेजारी बसून फाइली, चालू प्रकरणं, माणसं सगळं कळतं. आणि मुदत आधी लिहून घ्या, नाहीतर जो बसेल तो उठणार नाही. मतदान गुप्त ठेवा, हात वर करून घेतलंत तर निम्मे लोक शेजाऱ्याचा हात बघून वर करतील.

दोनखांबी:
कामं वाटून दिली तर काही होत नाही हो. एकाकडे मीटिंग आणि पत्रव्यवहार, दुसऱ्याकडे साइट पाहणी आणि अहवाल.

जुनीतुळई:
थोडं अवांतर, आमच्या जुन्या घराच्या तुळईला वाळवी लागलीये, बदलावी का?

अर्धीवीट:
अहो माझा धागा आहे हा! बरं, एक राहिलं. बाई ज्या वाड्याच्या सल्लागार आहेत, तोच प्रस्ताव पुढच्या बैठकीत समितीसमोर येतोय. पण त्याचा इथे काय संबंध?

नियमावली:
हे आत्ता सांगताय?! सगळा संबंध तिथेच आहे. हितसंबंध आधी लेखी जाहीर करायला लावा. त्या विषयापुरती खुर्ची दुसऱ्याकडे, चर्चेत नाही, मतदानात नाही, आणि इतिवृत्तात तशी नोंद. बाई याला तयार असतील तर खुशाल उभं राहू द्या, नसतील तर तुमची निवड झालेलीच आहे.

तिसरीघंटा:
+१. आणि हे इंजिनियरलाही विचारा. गोड माणसाचेही प्रकल्प असतात.

अर्धीवीट:
विचारतो. म्हणजे मेल करतो, उत्तर येईल तेव्हा येईल.

चुनावाला:
@जुनीतुळई, सगळी बदलू नका. टोचणीने टोचून बघा कुठपर्यंत पोकळ आहे, बहुतेक भिंतीत बसलेलं टोकच गेलेलं असतं. तेवढंच कापून नवीन लाकूड जोडता येतं. पण आधी ओल कुठून येतेय ते शोधा. तिथे कुणी सिमेंट लावलंय का?