एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आणि रात्रीची डिलिव्हरी: काम सोडू का?

केजचा_पोरगा:
पुण्यात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी तीन एकर कोरडवाहू. शिवाजीनगरला कॉट बेसिसवर राहतो. कॉटचे चार हजार, मेसचे बत्तीसशे. दीड वर्षापासून संध्याकाळी सात ते साडेअकरा कोथरूड-डेक्कनला जेवणाची पार्सलं पोचवतो.

शनिवारी प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत चालतं आणि इन्सेन्टिव्हचा, म्हणजे कंपनीच्या जादा पैशांचा स्लॉट सहाला सुरू होतो. शनिवार चुकला की अख्ख्या आठवड्याचं इन्सेन्टिव्ह गेलं. म्हणून तीनदा प्रॅक्टिकल बुडवलं. हजेरी ६८ टक्के झालीय, ७५ लागते. त्यात गेल्या महिन्यात पौड फाट्याजवळ पावसात गाडी घसरली. मनगटाला प्लास्टर, वीस दिवस कमाई शून्य. विमावाले म्हणतात, खासगी गाडीवर माल नेत होतास, क्लेम बसत नाही. घरी अजून सांगितलं नाही. बाबा गावात सांगतात, पोरगं पुण्यात पार्टटाइम नोकरी करतं.

काम सोडलं तर मेसचे पैसे कुठून आणू?

जुना_रायडर:
भावा, मी हे तीन वर्षं केलंय. एका रात्रीचा माझा हिशोब देतो. मिळाले ५२०. गाडी ७० किलोमीटर फिरली, पेट्रोल १६०. ऑइल, टायर, सर्व्हिसिंगला रोजचे ३० बाजूला. उरले ३३०. खोलीतून निघून परत येईपर्यंत साडेपाच तास, म्हणजे तासाला साठ रुपये. हॉटेलच्या दारात पार्सलची वाट बघत उभं राहायचं, तो वेळही यात धर.

काम सोडू नकोस, इन्सेन्टिव्ह सोड. साडेसात ते साडेनऊ एवढंच कर, एकाच भागात. मी इन्सेन्टिव्हच्या मागे लागलो आणि चौथं सेम गेलं. सहा महिने जास्त थांबावं लागलं. त्या सहा महिन्यांचं कॉटभाडं आणि मेस वर्षभराच्या इन्सेन्टिव्हपेक्षा जास्त निघाली. याचं मला आजही वाईट वाटतं.

लॅबवाली_ताई:
प्लास्टरचे कागद घेऊन उद्याच विभागप्रमुखांना भेट. आजारपणाचा दाखला वेळेत दिला तर हजेरीचं बोलता येतं. परीक्षेच्या तोंडावर गेलास तर कुणी ऐकत नाही. तिथेच ‘कमवा व शिका’ योजनेचंही विचार. पैसे थोडे मिळतात, पण काम कॅम्पसवरच असतं आणि तुझं प्रॅक्टिकल बुडत नाही.

विम्याचं म्हणशील तर दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: नमुने आणि स्वतःचं सामान सोडून माल न्यायचा नाही. पोरांना हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. गाडीचं राहू दे, पण बऱ्याच कंपन्या लॉगिन असताना झालेल्या अपघाताला वेगळा विमा देतात. अ‍ॅपमध्ये बघ आणि हॉस्पिटलची बिलं जपून ठेव.

ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीही कर. गिग कामगारांना, म्हणजे तुझ्यासारख्या अ‍ॅपवर काम करणाऱ्यांना कायद्यात जागा देणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायचे आहेत. तुझं नावच नसेल तर त्यातलं तुला काय मिळणार?

केजचा_पोरगा:
दादा, ताई, आत्ता वहीत मांडून बघितलं. माझे तासाला ५८ पडले. या शनिवारी प्रॅक्टिकलला थांबतोय. प्लास्टरचं बाबांना आज रात्रीच सांगतो. मेसवाल्या काकूंकडे पंधरा दिवसांची मुदत मागितलीय, त्या हो म्हणाल्या.