गोलियाड १८३६: पोर्तिया गुन्हेगार की हुकमाचा ताबेदार?

वाटाड्या
टेक्सासच्या मेक्सिकोविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात नाव गाजलं ते अलामोच्या गढीचं. पण तिथे बहुतेक माणसं लढता लढता मेली. गोलियाडची माणसं शस्त्रं खाली ठेवल्यावर आठवडाभर कैदेत राहून मेली, म्हणून माझ्या लेखी ते प्रकरण जास्त काळं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २० मार्च १८३६ ला कोलेटोच्या उघड्या माळावर टेक्सासच्या बाजूच्या कर्नल जेम्स फॅनिनने मेक्सिकोच्या जनरल उर्रेआपुढे शरणागती पत्करली. जखमी पाण्यावाचून तडफडत होते, दुसरा मार्गच नव्हता. कैद्यांना गोलियाडच्या गढीत डांबलं. २६ च्या संध्याकाळी तिथला अधिकारी लेफ्टनंट कर्नल पोर्तिया याला मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता अ‍ॅना याचा थेट हुकूम आला, सगळ्यांना मारा. त्याच संध्याकाळी उर्रेआचंही पत्र आलं: कैद्यांना नीट वागवा, विशेषतः फॅनिनला, आणि त्यांच्याकडून गावाची डागडुजी करून घ्या. रात्रभर चैन पडलं नाही, असं पोर्तियानेच डायरीत लिहून ठेवलंय. सकाळी, पाम संडेला (ईस्टरच्या आधीचा रविवार), कैद्यांच्या तीन तुकड्या तीन वाटांनी बाहेर काढल्या. कुणाला सांगितलं लाकडं आणायचीत, कुणाला गुरं हाकायचीत, कुणाला बंदरावर पोचवतोय. सुमारे ३४० जण मारले. चालता न येणारे जखमी गढीच्या आवारातच. फॅनिन सर्वांत शेवटी: तोंडावर गोळी घालू नका, दफन नीट करा, एवढंच मागणं होतं. गोळी तोंडावरच घातली, प्रेत जाळलं.

माझं म्हणणं, दोन कागद हातात असताना पोर्तियाने मारायचा कागद निवडला. तो गुन्हेगारच.

कलम_बहाद्दर
असहमत. 'निवडला' कसला? एक कागद राष्ट्राध्यक्ष आणि सरसेनापतीचा, दुसरा त्याच्या हाताखालच्या जनरलचा. शिवाय ३० डिसेंबर १८३५ चं फर्मान होतंच: सशस्त्र घुसणाऱ्या परदेशी लोकांना चाचे समजा. फॅनिनचे बहुतेक लोक जॉर्जिया, अलाबामा, केंटकीहून आलेले, टेक्सासचे रहिवासी नव्हेत. टेक्सासच्याच बाजूच्या मिलरच्या तुकडीतले लोक जहाजातून उतरताना निःशस्त्र सापडले, म्हणून दंडाला पांढरी फडकी बांधून त्यांना वेगळं काढलं आणि वाचवलं. म्हणजे नुसती रक्ताची तहान नव्हती, कायदा बघितला जात होता.

सावळागोंधळ
कायदा बघितला म्हणे! अहो, शरणागतीच्या कागदावर 'युद्धकैदी' असा शब्द आहे. पुढे 'सर्वोच्च सरकारच्या स्वाधीन' असंही आहे, आणि उर्रेआची मखलाशी तिथेच आहे. बिनशर्त शरणागतीखेरीज काही मान्य करायचा त्याला अधिकार नव्हता, पण माळावर बसलेल्यांनी ऐकलं ते 'अमेरिकेला परत पाठवू'. तुम्ही सगळे पोर्तियावर तुटून पडलाय आणि उर्रेआ मात्र दयाळू म्हणून सुटतोय. शिफारशीचं पत्र लिहून तो मोकळा.

कलम_बहाद्दर
उर्रेआबद्दल पटत नाही. सान पात्रिसियोला पकडलेले लोक त्याने मातामोरोसला पाठवले, ते वाचले. ज्याला मारायचंच असतं तो एवढी यातायात करत नाही.

रानभूल
इथे सगळे टेक्सासवाल्यांसाठी गळा काढताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. २१ एप्रिलला टेक्सासवाल्यांनी जिंकलेली सान हासिंतोची लढाई १८ मिनिटांत संपली, कत्तल मात्र थांबली नाही. मेक्सिकोचे सुमारे ६३० मेले, टेक्सासचे ९. दलदलीत हात वर करून 'मी अलामोत नव्हतो' म्हणणाऱ्यांनाही गोळ्या घातल्या. आणि गंमत बघा, ज्याने हुकूम दिला तो सांता अ‍ॅना दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या कपड्यांत सापडला आणि वाचला! त्याच्या सहीने उरलेलं मेक्सिकन सैन्य मागे हटणार होतं ना. (अवांतर: मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती. या 'स्वातंत्र्या'त गुलाम ठेवायचं स्वातंत्र्यही होतं.)

वाटाड्या
रानभूल, मुद्दे खरे आहेत, पण त्यांनी पोर्तिया सुटत नाही. त्याच गढीत मेक्सिकोच्याच कर्नल गरायने माणसं बाजूला काढलीच ना? फ्रान्सिता आलावेस या बाईनेही जीव वाचवले. कैद्यांतल्या डॉक्टर शॅकलफर्डना मेक्सिकन जखमींच्या उपचारासाठी ठेवून घेतलं, आणि त्यांचा मुलगा बाहेर गोळ्या खात होता. हुकमात फट काढता येत होती.

कलम_बहाद्दर
डझन-दोन डझन माणसं तंबूत लपतात, साडेतीनशे लपत नाहीत.

सावळागोंधळ
लपवायला कोण सांगतंय? उर्रेआ व्हिक्टोरियाला होता, जेमतेम २५ मैलांवर. एक घोडेस्वार पाठवून 'तुमचं पत्र पाळू की त्यांचं' एवढं विचारायचं होतं. उत्तर येईपर्यंत कैदी पळून जाणार नव्हते.

कलम_बहाद्दर
आणि उर्रेआने काय कळवलं असतं? सांता अ‍ॅनाचा हुकूम मोडा, असं लेखी? त्याने ते पोर्तियाला लिहून दिलं असतं असं तुम्हाला खरंच वाटतं?