ओंडका कापण्याच्या 'सॉबक'ला मराठी शब्द: घोडी, कैची की आणखी काही?

प्रश्न
बंबासाठी लागणारे सरपण हातकरवतीने कापताना ओंडका घरंगळू नये, म्हणून मी घरीच एक साधन तयार करत आहे. दोन दांडके फुलीसारखे एकमेकांत बसवायचे आणि अशा दोन फुल्या आडव्या पट्ट्यांनी जोडायच्या, म्हणजे वरच्या खोबणीत ओंडका स्थिर राहतो. इंग्रजीत याला 'सॉबक' म्हणतात. याची कृती मला मराठीत लिहायची आहे. सुतारांची 'घोडी' मला ठाऊक आहे, परंतु ती वरून सपाट असते. योग्य शब्द कोणता? तसेच 'तोडणे', 'कापणे' आणि 'फोडणे' यांपैकी कोणते क्रियापद कोठे वापरावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर
माझ्या मते 'घोडी' हाच शब्द ठेवावा. वरून सपाट असणे हा त्या शब्दाच्या अर्थाचा भाग नाही. भार किंवा ताण पेलून धरणे हा आहे. म्हणूनच तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तीही घोडीच. शिवाय अशा साधनाला जनावराचे नाव देण्याची रीत इतरत्रही दिसते. 'सॉबक' हा शब्द डच 'झागबोक' यावरून आला असून त्यातील 'बोक' म्हणजे बोकड. फ्रेंच लोक अशा आधाराला 'शव्हाले', म्हणजे लहान घोडा, म्हणतात. सपाट घोडीपासून फरक दाखवणे आवश्यक असेल, तर 'कैचीची घोडी' म्हणावे. छपराच्या तिरप्या लाकडांच्या जोडणीला आपण कैची म्हणतोच, त्यामुळे आकार वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच उभा राहील. 'करवतघोडी' हा समासही चांगला आहे, मात्र त्यातून फुलीचा आकार कळत नाही.

क्रियापदांबाबत मराठी फार काटेकोर आहे, आणि हा काटेकोरपणा कृती लिहिताना जपलाच पाहिजे. उभे झाड किंवा फांदी तोडतात. आडव्या पडलेल्या ओंडक्याचे लांबीत तुकडे करायचे असतील तर तो करवतीने कापतात. आणि त्या तुकड्यांच्या, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, कुऱ्हाडीने फाळी करायच्या असतील तर ते फोडतात. 'जंगलतोड' आणि वखारीत मिळणारे 'बंबफोड' या दोन शब्दांत 'तोड' व 'फोड' यांची अदलाबदल करून पाहिल्यास हा भेद लगेच जाणवेल. आपली घोडी केवळ कापण्यासाठी आहे. फोडण्यासाठी जमिनीवर पक्का बसलेला ठोकळा लागतो. घोडीवर कुऱ्हाडीचे घाव घातले, तर तिचे सांधे खिळखिळे होतील.

आणखी दोन शब्दप्रयोग कृतीत अवश्य यावेत, ते म्हणजे 'चीर मिटणे' आणि 'चीर उघडणे'. दोन फुल्यांच्या मधोमध करवत चालवली की ओंडका स्वतःच्या भाराने मध्ये दबतो, वरची चीर मिटते आणि पाते आवळले जाते. याउलट ओंडक्याचे टोक फुलीच्या बाहेर काढून तेथे कापल्यास ते टोक खाली झुकते, चीर उघडत जाते आणि करवत मोकळी चालते. 'करवत अडकते' एवढेच लिहिले, तर वाचकाला कारण कळणार नाही.

पुरवणी
वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त 'पाचर' या शब्दाविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण गाठीचे लाकूड फोडायचे तर पाचर लागणारच. हा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'पाचर मारणे' याला कामात विघ्न आणण्याचा लाक्षणिक अर्थ इतका चिकटलेला आहे, की कृतीत 'पाचर ठोकणे' असेच लिहिणे बरे. पंचतंत्रातील पाचर उपटणाऱ्या वानराच्या गोष्टीत अर्धवट चिरलेल्या लाकडात ठोकलेली पाचर खैराची आहे, आणि खैरासारखे कठीण लाकूड पाचरीसाठी निवडणे व्यवहारालाही धरूनच आहे. फाकलेली चीर किती जोराने मिटते, हेही त्या गोष्टीवरून कळते. म्हणून पुढची पाचर ठोकल्याशिवाय मागची काढू नये.

गाडीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून लोहाराकडून पाचर करून घेणार असाल, तर 'पाणी देणे', म्हणजे तापवलेले पोलाद बुडवून कडक करणे, हा शब्दप्रयोग उपयोगी पडेल. पाणी द्यायचे ते धारेला. माथा नरमच राहू द्यावा, कारण कडक माथ्यावर घण बसला की पोलादाच्या कपच्या उडतात आणि डोळ्याला इजा होऊ शकते. ही सूचना कृतीत ठळक अक्षरांत द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उपप्रश्न
दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'कैचीची घोडी' हा शब्द मी स्वीकारतो. मोठ्या ओंडक्यांसाठी याच आकाराचे, पण अधिक भक्कम साधन केले, तर त्याला 'घोडा' म्हणता येईल का?

उत्तर
अवश्य म्हणता येईल. दोर आणि दोरी, गाडा आणि गाडी, सुरा आणि सुरी या जोड्यांत मोठी वस्तू पुल्लिंगी व लहान वस्तू स्त्रीलिंगी होते, तोच न्याय येथे लागू पडतो. मात्र एकाच लेखात दोन्ही साधने येणार असतील, तर दोहोंची मापे प्रथम नोंदवावीत आणि मगच ही नावे वापरावीत.