दुसरीच्या मुलांना लंगडी जमत नाही, कुठून सुरुवात करू?

प्रश्न (शिक्षिका, इयत्ता दुसरी):
वर्गात ३१ मुलं. लंगडी घेतली की निम्म्यांचा दुसरा पाय तिसऱ्या उडीलाच टेकतो. मग बाद होऊन बसून राहतात, ते बघवत नाही. माझं काय चुकतंय?

निवृत्त क्रीडाशिक्षक:
बाई, पाठलागाची घाई होतेय. लंगडीत तोल सांभाळायचा, दिशा बदलायची आणि गडी बाद करायचा, तिन्ही एकदम. आधी नुसतं एका पायावर उभं करा, नजर समोरच्या झाडावर. मग ठिकरीची घरं आखा. रेघ दिसली की मूल उडी मोजून मारतं. गुडघा किंचित वाकवून, चवड्यावर उतरायला शिकवा. डावा पायही घ्या, तो सगळेच विसरतात! आणि बाद झालेल्याला बसवू नका, पुन्हा रांगेत घ्या. मैदानातले खडे आधी वेचा, टोचले की मूल उडी चोरतं.

एक पालक:
पावसात सागरगोटे द्या. वर उडालेल्या गोट्यावर डोळा ठेवून खालचे उचलताना बोटं छान वळतात.

शिक्षिका:
सर, आज चुन्याने आठ घरं आखली. रोज रडणारा मुलगा सगळी पार करून पुन्हा रांगेत उभा राहिला. उद्या डावा पाय.