मदत हवी आहे: सीबीनॅट (थुंकीतून टीबी शोधणारी तपासणी) निगेटिव्ह, पण एक्स-रेत डाग. सीटीला कधी पाठवायचं?

नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या फॅमिली डॉक्टरांसाठी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या लक्षणांचा एकपानी तक्ता करतोय. एका मुद्द्यावर अडलंय.

चाळिशीपुढे थुंकीतून रक्त पडलं, अगदी धाग्याएवढं, तरी वाट बघायची नाही, हे पक्कं. तीन आठवड्यांवरचा खोकला, बसलेला आवाज, घटलेलं वजन, खांद्याचं न हटणारं दुखणं, हेही घेतलंय. बोटं मात्र फारसं कुणी बघत नाही! दोन्ही तर्जन्यांची नखं एकमेकांना टेकवून धरली की मधे शंकरपाळ्यासारखी फट दिसते. ती बुजली तर क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगलेली.

खरी अडचण टीबीची. वरच्या भागात डाग दिसला की सीबीनॅट निगेटिव्ह असूनही टीबीची औषधं सुरू होतात आणि मोलाचे महिने हातचे जातात. एक्स-रे नॉर्मल आला म्हणूनही निर्धास्त होता येत नाही. हृदयामागची किंवा हाडाआडची गाठ त्यात सुटते.

अशा पेशंटचा अँटिबायोटिकनंतर पुन्हा एक्स-रे तुम्ही किती आठवड्यांनी काढता, की थेट सीटी? आणि कधीही बिडी न ओढलेल्या, पण चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांसाठी काही वेगळा निकष ठेवता का?