शब्दचर्चा : 'कँडल इन द विंड' आणि 'आमची' मर्लिन

ओळंबा :
एल्टन जॉनचं हे गाणं बहुतेकांनी ऐकलं असेल. शब्द बर्नी टॉपिनचे, अल्बम १९७३चा 'गुडबाय यलो ब्रिक रोड'. हॉलिवूडची नटी मर्लिन मन्रो हिच्यावर आहे एवढं माहीत होतं, पण काल शब्द समोर ठेवून ऐकलं आणि अडखळलो. भोवतीची माणसं 'वुडवर्क'मधून सरपटत बाहेर आली म्हणजे कुठून? तिला 'ट्रेडमिल'वर चढवलं, यात व्यायामाचा काय संबंध? आणि शीर्षकाचं मराठी कसं करावं? 'वाऱ्यातली मेणबत्ती' म्हटलं की वीज गेल्यासारखं वाटतं.

तिरपागडी :
ट्रेडमिल आधी घेते, कारण तिथे बहुतेकांची फसगत होते. व्यायामशाळेतलं यंत्र डोळ्यांपुढून काढून टाका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत पायऱ्या असलेलं मोठं फिरतं चाक असे. कैद्यांनी तासन् तास त्यावर चढत राहायचं, पायरी खाली जाणार, माणूस आहे तिथेच. इंग्रजीत या शब्दाला न संपणाऱ्या राबणुकीचा वास आहे तो तिथून. मराठीत यासाठी तयार शब्द आहे: घाण्याला जुंपलं. डोळ्यांवर झापडं, गोल गोल चालणं आणि तेल दुसऱ्याचं. स्टुडिओच्या करारांना हे अगदी लागू पडतं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५४मध्ये एक चित्रपट नाकारला म्हणून तिला निलंबित केलं होतं. म्हणजे नट्यांनी भूमिका निवडायच्या नाहीत, दिलेली करायची.

आता सरपटणं. तिथे एक गंमत आहे. 'क्रॉल्ड' हे क्रियापद लागोपाठ दोनदा येतं आणि मधल्या मध्ये अर्थ बदलतं. आधी भोवतीचे लोक सरपटतात, म्हणजे लाळघोटेपणा करतात, लोटांगणं घालतात, आणि ती मात्र आपला आब राखून असते. लगेच पुढच्या ओळीत तेच लोक लाकडाच्या फटींतून बाहेर पडतात, किड्यांसारखे. इंग्रजीत हा वाक्प्रचार फायद्याचा वास येताच उगवणाऱ्या नकोशा माणसांबद्दल वापरतात. मराठीत दोन्ही ठिकाणी 'सरपटणे' ठेवता येतं, पण पहिल्या जागी लाचारी पुरेशी दिसत नाही.

काठावरचा :
गुळाला मुंगळे?

तिरपागडी :
जवळचं आहे, पण मुंगळे बाहेरून उघड उघड येतात. वुडवर्कमधले आधीपासून घरातच असतात, दिसत नसतात एवढंच. 'फटीफटीतून बाहेर पडले' असं सरळ म्हणणं बरं. आणि त्यांनी मेंदूत कुजबुज केली याला 'कान भरले' नको, त्यात कुणाविरुद्ध तरी चहाडी येते. इथे तिलाच तिच्याबद्दल काहीबाही पटवून देणं आहे. 'कानीकपाळी ओरडणे'सुद्धा नाही, कारण हे हळू चाललंय. 'डोक्यात भरवलं' बसेल.

ओळंबा :
आणि शीर्षक? मला 'निवातस्थ दीप' आठवत होतं.

काठावरचा :
अहो, ते तर नेमकं उलटं! निवात म्हणजे जिथे वारा नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या स्थिर चित्ताला ती उपमा आहे. तुम्हाला हवाय सवात दीप, पण असं कुणी म्हणत नाही. माझं मत 'वाऱ्यावरची ज्योत'. 'वाऱ्यावर' शब्दात 'वाऱ्यावर सोडणे'ही येतं, म्हणजे सांभाळणारं कुणी नसणं. पुढच्याच ओळीत पाऊस सुरू झाल्यावर कुणाला धरावं हे तिला कळत नाही, त्याच्याशी ते जुळतं. तिची आई मानसिक आजारामुळे रुग्णालयात, बालपण अनाथाश्रमात आणि परक्या कुटुंबांत गेलं. मूळ इंग्रजीत हा दुसरा अर्थ नाही, मराठीत तो फुकट मिळतोय तर घ्यावा.

तिरपागडी :
'वाऱ्यावरची ज्योत' मान्य. फुकट मिळालेल्या अर्थाबद्दल मी जरा साशंक आहे, कारण गाणं तिला आधीच फार बिचारी करून ठेवतं. एक ओळ बघा: त्यांनी तुला नाव बदलायला लावलं. हे अर्धंच खरं. १९४६मध्ये फॉक्सशी करार झाला तेव्हा 'मर्लिन' स्टुडिओतल्या माणसाने सुचवलं, मर्लिन मिलर या नटीवरून. 'मन्रो' मात्र तिच्या आईचं माहेरचं आडनाव, तिने स्वतः निवडलेलं. १९५६मध्ये तर तिने हे नाव कायदेशीररीत्या घेतलं. त्याआधीच छायाचित्रकार मिल्टन ग्रीनबरोबर 'मर्लिन मन्रो प्रॉडक्शन्स' ही स्वतःची कंपनीही काढली होती. घाण्याला जुंपलेली होती हे खरं, पण दावं तोडायचा प्रयत्नही तिचाच. गाण्यात ही बाई कुठेच दिसत नाही.

ओळंबा :
मग टॉपिनने तिला ओळखलंच नाही म्हणायचं?

तिरपागडी :
तो तसं कबूलही करतो, अगदी सुरुवातीला. आणि पुढे म्हणतो, भेटायला आवडलं असतं पण मी पोर होतो. हे शब्दशः खरं आहे. टॉपिनचा जन्म १९५०चा, इंग्लंडमधल्या लिंकनशरचा. ती ऑगस्ट १९६२मध्ये गेली, ३६व्या वर्षी, तेव्हा हा बारा वर्षांचा. शेवटी मात्र निरोप घेणारा आहे बाविसाव्या रांगेतला तरुण. म्हणजे पोर मोठं झालंय, ती जाऊन वर्षं लोटलीत आणि हा अंधारात बसून तिला पडद्यावर बघतोय. पुढे टॉपिनने सांगितलंही की तो काही मर्लिनचा वेडा चाहता नव्हता, हेच गाणं जेम्स डीन या तरुणपणीच गेलेल्या नटावरही होऊ शकलं असतं. त्यामुळे मी हे गाणं चरित्र म्हणून वाचत नाही. प्रेक्षकाने स्वतःबद्दल केलेलं निवेदन म्हणून वाचते.

त्याच ओळींत तो म्हणतो की ती त्याला 'जस्ट अवर मर्लिन मन्रो'पेक्षा जास्त काही दिसते. हा 'अवर' मराठीत आणताना हात थबकतो. 'आपली' की 'आमची'? इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. 'आपली मर्लिन' म्हटलं की ऐकणारीही त्यात आली. पण ऐकणारी कोण, तर नॉर्मा जीन! मर्लिनचं हे मूळ नाव, आणि गाण्यात हाक त्याच नावाने मारलीय. तिला उद्देशून बोलताना 'आमची'च हवं: मर्लिन आमची होती, तुझी नव्हे. गाण्यातली सगळ्यात कडू जागा मला ही वाटते, आणि ती मराठीत जास्त स्पष्ट होते.

काठावरचा :
हे पटलं. पण 'आमची मर्लिन'मध्ये लाडही येतो ना, 'आमची ताई' म्हणतात तसा.

तिरपागडी :
येऊ दे की. लाड आणि मालकी एकाच शब्दात असणं इथे चुकीचं नाही.

ओळंबा :
वृत्तपत्रांची ओळ राहिली. 'फाउंड इन द न्यूड'.

काठावरचा :
'विवस्त्र अवस्थेत आढळली.' दुसरं काही नको. 'आढळली' हे पंचनाम्यातलं क्रियापद, वस्तू आढळते तसं. 'नग्न' म्हटलं तर चित्र-शिल्पांची आठवण होते, 'नागडी' म्हटलं तर कवी स्वतः शिवी दिल्यासारखा वाटतो. बातमीदाराचीच भाषा उचलून त्याच्या तोंडावर मारायची आहे. वृत्तपत्रांनी तेवढंच छापलं ही अतिशयोक्ती, पण रागावलेल्या माणसाची.

ओळंबा :
१९९७मध्ये डायनाच्या अंत्यविधीला वेस्टमिन्स्टर ॲबेत हेच गायलं, तेव्हा ही ओळ होती?

तिरपागडी :
नाही, काढली. पत्रकारांचं नावही त्या आवृत्तीत नाही, आणि छायाचित्रकार पाठीवर असताना गेलेल्या बाईच्या गाण्यात नाही, हे बघा. टॉपिनने ध्वनी जवळचे ठेवून अर्थ फिरवले. 'लोनलीनेस'चं 'लव्हलीनेस' झालं, एकाकीपणाचं लावण्य. पहिल्या गाण्यात लोक तिच्या डोक्यात कुजबुजत होते, इथे तीच दुखावलेल्यांशी कुजबुजते, म्हणजे तिथे 'हळुवार बोललीस' करावं लागेल. कारागिरी म्हणून वाखाणण्यासारखी, पण सगळा राग गेला. शोकसभेत तसं करावंच लागतं म्हणा.

काठावरचा :
ज्योत कधीच विझली पण 'लेजंड' उरली, अशी ओळ आहे ना, त्या 'लेजंड'ला काय? दंतकथा?

तिरपागडी :
दंतकथेत खोटेपणाची छटा येते आणि आख्यायिका फार पोथीतली. 'तुझं नाव मात्र उरलं' असं करावंसं वाटतं, पण मग कुठलं नाव हा प्रश्न येतो, आणि या गाण्यात तो टाळता येत नाही. तूर्त मी 'कीर्ती' ठेवलंय. तुमच्याकडे बरं काही असेल तर सांगा.