मदत हवी आहे: व्यायामाच्या सामानाची बॅग शिवतेय, कापड कोणतं घेऊ?

सुईदोरा | सोमवार, रात्री १०.४०

कृपया लवकर सांगा, शनिवारी बाजारात जायचंय.

व्यायामाच्या सामानाची बॅग घरीच शिवतेय. हा तिसरा प्रयत्न आहे. पहिली कॅनव्हासची केली होती. दोन महिन्यांत आतून काळी पडली, तीनदा धुतली तरी वास जात नाही. दुसरी मॅटीची (शाळेच्या बॅगांना वापरतात ते जाड कापड) केली, तर तिचा पट्टा मुळापासून फाटून हातात आला, तोही रस्त्यात. आता रेक्झीन घेऊ की पॅराशूटचं कापड? ओल्या कपड्यांचा कप्पा आतच शिवायचा आहे. चेन कोणती लावू तेही सांगा. विकतची सुचवू नका, मला शिवायचीच आहे.

पहाटेची_लोकल | सोमवार, रात्री १०.५८

कोणता व्यायाम? जिम, योगासनं, पोहणं, धावणं? बूट असतात का आत? बॅग पाठीवर हवी की खांद्यावर? मशीन कोणतं आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग कापड कसं सांगणार?

निखळ_मत | सोमवार, रात्री ११.१५

ताई, तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो. डेकॅथलॉनमध्ये जाऊन एक घेऊन या. कापड, अस्तर, चेन, पट्टी, रनर (चेनवर सरकणारा तुकडा) हे सगळं सुटं घेतलं की तयार बॅगेएवढेच पैसे जातात. माझ्या बायकोने हाच हिशेब करून शिवणं सोडलं.

तलाव_सहा_वाजता | मंगळवार, सकाळी ७.३०

मी रोज पोहायला जातो, त्यामुळे ओल्या कपड्यांचा मला चांगलाच अनुभव आहे. ओला कप्पा बॅगेत कायमचा शिवू नका. तो कधीच पूर्ण वाळत नाही, कारण उलटा करून उन्हात टाकता येत नाही. तुमची कॅनव्हासची बॅग काळी पडली ती बुरशीने. कॅनव्हास बहुतेक सुतीच असतं, ते पाणी धरून ठेवतं. ओल्यासाठी वेगळी सुटी पिशवी करा, घरी आल्याबरोबर काढून दोरीवर टाका. बॅगेला खाली दोन पितळी आयलेट (भोकाच्या कडेला बसवायच्या गोल कड्या) ठोका, हवा खेळते. लोखंडी घेऊ नका, गंजाचे डाग कपड्यांवर उतरतात.

सुईदोरा | मंगळवार, दुपारी १.०५

सामान नेहमीचंच आहे हो. कपड्यांचा जोड, टॉवेल, पाण्याची बाटली, तेल, पंचा. बूट नाहीत. मशीन घरातलं साधं, पायाचं. आकार मध्यम. आता कापड सांगा.

पहाटेची_लोकल | मंगळवार, दुपारी १.२०

तेल? व्यायामाला तेल कशासाठी? डोक्याचं आहे का?

सुईदोरा | मंगळवार, दुपारी १.५०

एरंडेल. मुलगा मल्लखांब करतो, बॅग त्याचीच आहे. वर लिहिलं नव्हतं का?

जुना_मल्ल | मंगळवार, दुपारी २.३०

ताई, ही एक गोष्ट आधी कळली असती तर वरचे सगळे सल्ले वेगळे झाले असते. तुमच्या बॅगेत घाम आणि पाणी कमी, एरंडेल जास्त आहे. मी १२ वर्षं पुरलेल्या मल्लखांबावर होतो. खांबाला एरंडेल लावतात, अंगालाही लागतं. घरी येईपर्यंत जांघिया, पंचा, बनियन सगळं तेलकट होतं. एरंडेल घट्ट असतं आणि ते वाळत नाही. जवसाचं तेल वाळून त्याचा पापुद्रा होतो तसं याचं होत नाही, ते महिनोन्महिने चिकटच राहतं आणि धूळ धरतं. तुमच्या कॅनव्हासचा काळेपणा म्हणजे तेल आणि मैदानाची माती. बुरशी नव्हे.

तलाव_सहा_वाजता | मंगळवार, दुपारी ३.१०

बुरशीही असू शकते. वास जात नाही म्हणतायत ना त्या.

जुना_मल्ल | मंगळवार, दुपारी ३.२५

वास तेलाचाही येतो. बंद बॅगेत तेल जुनं झालं की उग्र वास मारतं. बुरशीचे ठिपके सुटे सुटे दिसतात आणि तेलाचा काळेपणा सलग पसरतो. ताई, तुमच्याकडे काय आहे?

सुईदोरा | मंगळवार, दुपारी ४.००

सलग आहे. तळाला आणि जिथे पंचा ठेवतो त्या बाजूला. हात लावला तर चिकट लागतं.

शिलाईवाला_नाशिक | मंगळवार, रात्री ९.१५

मी बॅगाच शिवतो, त्यामुळे शिवणीपुरतं बोलतो. पट्टा मुळापासून फाटला म्हणजे नेमकं काय झालं? पट्टीचे टाके सुटले, की टाके शाबूत राहिले आणि कापडच फाटलं? पट्टी कशावर जोडली होती?

सुईदोरा | मंगळवार, रात्री ९.४०

कापड फाटलं. टाके पट्टीला तसेच आहेत, मॅटीचा तुकडा सोबत आला. पट्टी सरळ मॅटीवर ठेवून वरून तीन-चार टिपा मारल्या होत्या, एकावर एक, पक्कं व्हावं म्हणून.

शिलाईवाला_नाशिक | मंगळवार, रात्री १०.१०

तिथेच चुकलं. एकाच रेषेवर चार टिपा मारल्या की सुईच्या भोकांची ओळ तयार होते आणि वहीचं पान फाडतात तसं कापड त्या ओळीवर फाटतं. मॅटीचा काही दोष नाही.

पट्टीचं टोक ४ सेंटिमीटर दुमडा. त्यावर चौकोन शिवा आणि चौकोनाच्या आत कोपऱ्यातून कोपऱ्यात फुली. टाका ३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. कापडाच्या आतल्या बाजूला त्याच पट्टीचा किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवून सगळं एकत्र शिवा, म्हणजे ओढ एका रेषेवर न येता सगळीकडे वाटली जाते. त्याहून चांगलं म्हणजे पट्टी एका हँडलकडून तळाखालून दुसऱ्या हँडलकडे सलग न्या. मग वजन कापडावर येतच नाही, पट्टीच उचलते.

सुई १८ नंबरची आणि दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा ओलीत कुजतो. पायाचं मशीन मॅटीचे चार थर घेतं. रेक्झीनचे चार थर घेताना टाके सोडेल, शिवाय रेक्झीन मशीनच्या दाबपट्टीला (कापड वरून दाबून धरणाऱ्या भागाला) चिकटतं आणि टाचणीचं भोक कायमचं राहतं. घ्यायचंच असेल तर टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

अभ्यासू_आजोबा | बुधवार, सकाळी ६.४५

मल्लखांबाचा विषय निघाला म्हणून लिहितो. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा उभारी दिली. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. दादरच्या शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा जुन्या लोकांना फार आनंद झाला. मुलाला हे सगळं जरूर सांगा.

सकाळचा_जोर | बुधवार, सकाळी ८.००

मुलाचं वय किती? मल्लखांबाला पकड लागते, त्यामुळे भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, अंडी रोज द्या. पावडरींच्या नादी लागू नका.

सुईदोरा | बुधवार, दुपारी १२.३०

वय १२. खाणं व्यवस्थित आहे, धन्यवाद. कापडाचं कुणी सांगेल का? आज एका दुकानात फोन केला, तो म्हणाला ६०० ची मॅटी आहे. ६०० म्हणजे काय? आणि चेन?

पहाटेची_लोकल | बुधवार, दुपारी १२.५०

६०० डेनियर. ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये जितकं भरतं तितके डेनियर. म्हणजे त्या धाग्याचे ९००० मीटर ६०० ग्रॅम भरतात. आकडा मोठा तितका धागा जाड. शाळेच्या बॅगांना ६०० सर्रास वापरतात, तुम्हाला पुरेसं आहे. पण खरेदी करताना मागची बाजू बघा. आतून लेप असतो, तो नखाने खरवडून निघत असेल तर घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत कमअस्सल लेप दोन पावसाळ्यांत चिकट होऊन सोलून निघतो.

तलाव_सहा_वाजता | बुधवार, दुपारी १.१५

चेन धातूची घ्या, प्लास्टिकची टिकत नाही.

शिलाईवाला_नाशिक | बुधवार, दुपारी २.००

दादा, उलट आहे. धातूची चेन घाम आणि क्लोरीन लागून अडकायला लागते. तुमची टिकली असेल, पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या व्यायामाच्या बॅगांत धातूच्याच जास्त असतात. कॉइलची (सुट्या दातांऐवजी नायलॉनच्या वेटोळ्याची) ८ नंबर घ्या. चेनचा नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. ५ नंबर खिशाला ठीक, मुख्य तोंडाला ८. कॉइलची चेन मधून उघडली तर रनर मागे नेऊन पुन्हा ओढला की बरेचदा बसते. प्लास्टिकच्या जाड दातांचा एक दात गेला की चेन बदलावीच लागते. मूल घाईत ओढणार हे धरून चाला.

तलाव_सहा_वाजता | बुधवार, दुपारी २.२०

माझी धातूची चार वर्षं चालू आहे. रोज नळाखाली धुतो म्हणून चालत असेल. मूल धुणार नाही हे मात्र खरं.

ठाण्याची_मीरा | बुधवार, सायंकाळी ५.३०

एक विचारू? तो मल्लखांबावरून थेट शाळेत जातो का? म्हणजे पाठीवर शाळेचं दप्तर असतंच ना? मग ही बॅग तो नेतो कशी?

सुईदोरा | बुधवार, सायंकाळी ५.४५

हो, थेट शाळेत. दप्तर पाठीवर, ही खांद्याला तिरकी. सारखी पुढे घसरते म्हणून तक्रार असते त्याची.

ठाण्याची_मीरा | बुधवार, सायंकाळी ६.१०

मग कापडाच्या आधी हे बघा. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको असं म्हटलंय. मुलगा ३२ किलोचा असेल तर ३ किलो २०० ग्रॅम. तेवढं दप्तरातच संपतं. वर ही बॅग एका खांद्यावरून लोंबकळली तर तो दिवसभर एका बाजूला कलून चालणार. माझ्या मुलीचं हेच झालं होतं, कथकचं सामान आणि दप्तर. शेवटी बॅग लहान केली, लांब पट्टा काढून टाकला आणि हातात धरायची आखूड हँडल ठेवली. बसमध्ये ती पायाशी ठेवते. मध्यम बॅग शिवली की मध्यम सामान भरलं जातं, हे मी स्वतः अनुभवलंय.

जुना_मल्ल | बुधवार, रात्री ८.००

मीराताईंशी सहमत. तेलाची बाटली रोज नेऊच नका, व्यायामशाळेत त्याच्या नावाने ठेवता येत नाही का?

सुईदोरा | बुधवार, रात्री ८.१५

नाही चालत तिथे. ज्याचं त्याने आणायचं असा नियम आहे.

जुना_मल्ल | बुधवार, रात्री ८.५०

मग मोठी बाटली नको. आठवड्याचं तेल मावेल एवढी छोटी, पेचाचं झाकण असलेली घ्या. उन्हात एरंडेल पातळ होतं आणि झाकणातून झिरपतं, म्हणून ती वेगळ्या डबीत उभी ठेवा. आणि खरी युक्ती सांगतो. सराव संपला की अंग आधी जुन्या धोतराच्या कोरड्या तुकड्याने पुसायचं, मग पंचाने. तेल पंचापर्यंत पोचलं नाही तर बॅगेपर्यंतही पोचणार नाही. आमच्या वस्तादांनी आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

डाग काढायचे असतील तर दुकानातला साधा स्पिरिट आणा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल त्यात नीट विरघळत नाही, एरंडेल विरघळतं. कापसाने डागावर लावा, खाली जुनं कापड ठेवा, मग साबणाने धुवा. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ करू नका. लेप असलेल्या कापडावर आधी कोपऱ्यात लावून बघा.

वरणफळ | गुरुवार, सकाळी ९.२०

क्रिकेटच्या किटसाठी चाकांची बॅग घरी शिवता येईल का? बॅट बाहेर राहते.

पहाटेची_लोकल | गुरुवार, सकाळी ९.४०

त्यासाठी नवा धागा काढा, इथे अडकून पडाल.

सुईदोरा | गुरुवार, दुपारी २.३०

मुलाला बसवून सामान मांडलं. खरंच निम्मं नको होतं. लांब पट्टा काढतेय. आता असं ठरवलंय: बाहेरून ६०० ची मॅटी, चेन कॉइलची ८ नंबर, आखूड हँडल, पट्टी तळाखालून सलग. तेलकट कपड्यांसाठी पॅराशूटच्या कापडाची सुटी पिशवी, उशीच्या अभ्र्यासारखी काढून धुता येईल अशी. आकार लोडासारखा गोल. गोल तुकडे २० सेंटिमीटरचे, लांबी ३५. मधला तुकडा ४० रुंद पुरेल ना?

शिलाईवाला_नाशिक | गुरुवार, दुपारी ३.१५

नाही पुरणार, थांबा, कापू नका. २० चा गोल म्हणजे परीघ जवळजवळ ६३. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर माया (शिवणीसाठी जादा कड) धरून तुकडा ६६ रुंद. लांबी ३५ अधिक ३, म्हणजे ३८. गोल तुकडे २३ चे कापा, म्हणजे शिवल्यावर २० राहतील. यात साधारण ११ लिटर मावतं. तुम्ही मांडलेल्या सामानाला चिकार झालं.

निखळ_मत | गुरुवार, दुपारी ३.३०

मान्य, असं माप दुकानात मिळालं नसतं. सुटं सामान कुठून घेणार?

सुईदोरा | गुरुवार, दुपारी ३.४०

मशीद बंदरजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर जातेय.

सुईदोरा | पुढचा मंगळवार, रात्री ११.०५

बॅग झाली. कॅनव्हासवर स्पिरिट लावून बघितला, चिकटपणा गेला, डाग फिका पडला. नव्या बॅगेची हँडल धरून आत दोन पाण्याच्या बाटल्या घालून हिसडे दिले, काही उसवलं नाही. पण गोल बाजूंना चुण्या आल्यात, मधला तुकडा गोलाला नीट बसतच नाही. दोनदा उसवलं. परवा त्याची स्पर्धा आहे, त्याला हीच न्यायची आहे.

शिलाईवाला_नाशिक | मंगळवार, रात्री ११.२०

गोलाचे चार सारखे भाग करून खडूने खुणा करा, मधल्या तुकड्याच्या कडेलाही चार. खुणेला खूण जुळवून चिमटे लावा. मग मधल्या तुकड्याच्या मायेला दर सेंटिमीटरवर कात्रीने चीर द्या, १ सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. गोलाला चिरा देऊ नका. शिवताना गोल खाली आणि चिरा दिलेला तुकडा वर ठेवा, म्हणजे कुठे गोळा होतंय ते डोळ्यासमोर राहतं. हळू पाय मारा.

सुईदोरा | बुधवार, पहाटे १२.५०

बसलं. एका बाजूला एक चुणी राहिली आहे, ती चेनच्या टोकाखाली गेलीय. स्पर्धेनंतर उसवेन.